सूत्राच्या आधीचे भौतिकशास्त्र

नववीच्या वर्गात सरळ वर फेकलेल्या चेंडूचे उदाहरण नुकतेच सोडवून झाले होते. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने वर फेकला तर तो किती उंच जाईल आणि किती वेळाने हातात परत येईल, हे बहुतेकांनी बरोबर काढले होते: उंची सुमारे २० मीटर आणि वेळ सुमारे ४ सेकंद. वह्या तपासून झाल्यावर मी फळ्यावर तोच चेंडू वर जाताना काढला आणि हातातून सुटल्यानंतर त्याच्यावर कोणकोणती बले आहेत ती बाणांनी दाखवायला सांगितले; हवेचा विरोध सोडून द्या, असेही सांगितले. चार-पाच जण वगळता सर्वांनी दोन बाण काढले, खाली एक लहान आणि वर एक मोठा. वरचा बाण कशाचा, असे विचारल्यावर मागच्या बाकावरून उत्तर आले, "वर जाऊलालाय म्हणजे वरचा जोर असतोयच की, सर."

खरे उत्तर असे, की त्या चेंडूवर एकच बल आहे, पृथ्वीचे, आणि ते खाली आहे. हाताने दिलेले ढकलणे चेंडू हातातून सुटताक्षणी संपले. त्यानंतर चेंडू वर जातो तो केवळ त्याला आधीच वेग आहे म्हणून, आणि पृथ्वीचे ओढणे तो वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद एवढा कमी करत राहते. मुलांच्या मनातली कल्पना मात्र वेगळी असते. हाताने चेंडूत जोर भरला, तो वर जाता जाता खर्च होत गेला आणि संपला तेव्हा चेंडू खाली येऊ लागला, असे त्यांना वाटते. या समजुतीला मूर्खपणाची म्हणण्याचे कारण नाही, कारण चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्यूरिदाँ या तत्त्वज्ञाने जवळपास अशीच उपपत्ती मांडली होती आणि ती युरोपातल्या विद्वानांना दीर्घकाळ पटत होती. ती बाजूला सारायला गॅलिलिओ आणि त्याच्यानंतर न्यूटन लागला. खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने ती तीन तासिकांत सोडावी, अशी अपेक्षा करणे हेच अवाजवी आहे.

मला त्या दिवशी अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी होती. ज्या मुलांनी दोन बाण काढले त्यांनीच पाच मिनिटांपूर्वी गणित अचूक सोडवले होते. म्हणजे सूत्र वापरताना त्यांच्या चुकीच्या कल्पनेला कुठेही धक्का बसला नव्हता; सूत्राने तिला काही विचारलेच नव्हते. दिलेल्या किमती ओळखायच्या, योग्य समीकरण निवडायचे आणि आकडे भरायचे, या साऱ्या व्यवहारात चेंडूचा विचार करण्याची वेळच येत नाही.

हा अनुभव आपल्याच शाळांचा नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर हे प्राध्यापक १९९० च्या सुमारास याच ठिकाणी येऊन थांबले होते. ॲरिझोनातील डेव्हिड हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बल व गती यांविषयी एकही आकडेमोड न लागणारे साधे प्रश्न तयार केले होते. अवजड ट्रक आणि हलकी मोटार समोरासमोर आदळली, तर कोणाचे कोणावर जास्त बल पडते, अशा धर्तीचे. माझूर यांनी असे प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना दिले तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे द्यायची की मी या गोष्टींचा एरवी जसा विचार करते त्याप्रमाणे. हा प्रश्न प्रत्येक विज्ञान शिक्षकाने जवळ बाळगावा असा आहे. दोन्ही बले समान असतात, हे न्यूटनचा तिसरा नियम पाठ असणाऱ्यालाही पटत नाही, कारण मोटारीचा चुराडा झालेला त्याला दिसतो. बल समान असूनही हलक्या वस्तूच्या वेगात मोठा बदल होतो आणि जड वस्तूच्या वेगात थोडा, हा दुवा जोडून दिल्याशिवाय नियम आणि डोळ्यांसमोरचे दृश्य एकमेकांना भेटत नाहीत.

तेव्हा भौतिकशास्त्र कल्पनांमधून शिकवायचे म्हणजे नेमके काय करायचे? गोष्टीरूप करून सांगणे किंवा अवघड भाग गाळून सोपा तेवढा ठेवणे म्हणजे कल्पना शिकवणे, असा गैरसमज सर्वत्र आढळतो. माझ्या मते कल्पना ती, जिच्या आधाराने न पाहिलेल्या प्रसंगात काय घडेल हे कागदाला पेन्सिल न लावता सांगता येते, आणि जी चुकीची असेल तर चूक उघडी पडते. ही कसोटी सूत्र पाठ असण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक युक्तिवाद याचा उत्तम नमुना आहे. जड दगड हलक्यापेक्षा वेगाने पडतो, असे क्षणभर मानू. आता दोन्ही दगड दोरीने एकत्र बांधून सोडले तर काय होईल? हलका दगड मागे रेंगाळणार, म्हणून तो जड दगडाला मागे ओढेल आणि जोडी एकट्या जड दगडापेक्षा सावकाश पडेल. पण बांधलेली जोडी मिळून एकट्या जड दगडापेक्षाही जड आहे, म्हणजे ती अधिक वेगाने पडायला हवी. एकाच गृहीतकातून दोन परस्परविरोधी उत्तरे निघतात, तेव्हा गृहीतकच खोटे असले पाहिजे. इथे एकही आकडा नाही, प्रयोगसुद्धा मनातच झाला आहे, तरी हवेचा अडथळा नसेल तर सर्व वस्तू सारख्याच पडतात, या निष्कर्षापासून पळवाट उरत नाही.

गणिताशी जवळीक असलेली कल्पनाही अशीच शब्दांत मांडता येते. बेळगावहून निपाणीकडे जाणाऱ्या महामार्गावर ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेल्या बसने करकचून ब्रेक लावला आणि ती काही अंतरावर थांबली. तोच ब्रेक ताशी ८० किलोमीटर वेगावर लावला, तर अंतर किती लागेल? मुले दुप्पट म्हणतात, आणि मोठी माणसेही. आता सावकाश विचार करू. ब्रेक दर सेकंदाला सारखाच वेग कमी करतो, म्हणून दुप्पट वेग संपायला दुप्पट वेळ लागतो. त्या दुप्पट वेळात बसचा सरासरी वेगही दुप्पट असतो. दुप्पट वेळ दुप्पट वेगाने चालणारी बस चौपट अंतर जाते. पुस्तकातल्या सूत्रात वेगाच्या डोक्यावर जो छोटा २ बसलेला असतो तो इथून आलेला आहे, आणि ज्या मुलीने हे एकदा स्वतःच्या तोंडाने सांगितले ती तो छोटा २ कधी विसरत नाही. चालकाला ब्रेकवर पाय टाकेपर्यंत लागणारा वेळ यात धरलेला नाही. तो धरला की त्या वेळेपुरते अंतर दुप्पटच होते, आणि हा फरकही मुलांनीच शोधावा असा आहे.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि त्याविषयी पुरेसे बोलले जात नाही असे मला वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले मराठी माध्यमाचे मूल दहावीपर्यंत बल, त्वरण, संवेग, दाब असे शब्द शिकते आणि पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, विज्ञान शाखेत पाऊल टाकताच हे सगळे शब्द त्याच्या हातून काढून घेतले जातात. तिथे फोर्स, ॲक्सिलरेशन, मोमेंटम आणि प्रेशर असते. शेजारी बसलेला मित्र कन्नड माध्यमातून आलेला असतो, त्याच्यासाठी त्वरण म्हणजे वेगोत्कर्ष आणि दाब म्हणजे ओत्तड. या सगळ्या उलथापालथीत एकच गोष्ट जशीच्या तशी टिकून राहते: सूत्र. एफ बरोबर एम ए हे तिन्ही भाषांत एफ बरोबर एम ए असते. त्यामुळे हुशार मूल सूत्राला घट्ट धरून ठेवते आणि बाकीचे सोडून देते. त्याचा हा निर्णय समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत मोठी आहे, कारण जे सोडून दिले तेच भौतिकशास्त्र होते.

शब्दांचा गोंधळ किती खोल जातो याचे एक उदाहरण देतो. मराठी पुस्तकात एनर्जीला ऊर्जा म्हणतात आणि पॉवरला शक्ती. कन्नड पुस्तकात एनर्जीलाच शक्ती म्हणतात आणि पॉवरला सामर्थ्य. एकाच बाकावरची दोन मुले शक्ती हा एकच शब्द उच्चारतात आणि वेगवेगळ्या राशींविषयी बोलत असतात. व्याख्या घोकून हा तिढा सुटत नाही. विहिरीवरच्या मोटरीने मात्र तो सुटतो. टाकी भरायला लहान मोटरीला दोन तास लागतात आणि मोठीला एक तास. पाणी तेवढेच, उंचीही तेवढीच. दोघींनी पाण्याला जे दिले ते सारखे आहे, फक्त देण्याचा झपाटा निराळा आहे. पाच एचपीची मोटर असे आपण म्हणतो तेव्हा तो झपाटा सांगतो, आणि विजेच्या बिलात युनिट मोजले जातात तेव्हा एकूण किती दिले गेले ते मोजले जाते. हा भेद एकदा मनात रुजला, की त्याला ऊर्जा आणि शक्ती म्हणा, शक्ती आणि सामर्थ्य म्हणा किंवा एनर्जी आणि पॉवर म्हणा, नाव बदलल्याने काही बिघडत नाही. भाषा ओलांडून जाण्याची खरी ताकद सूत्रापेक्षा कल्पनेत अधिक आहे, पण त्यासाठी ती कल्पना आधी मुलाच्या स्वतःच्या भाषेत, मोटर आणि टाकी यांच्यासह उभी राहिलेली असावी लागते.

गणिताची जागा कुठे आहे, हे दाखवायला मला गोकाकचा धबधबा उपयोगी पडतो. घटप्रभेचे पाणी तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच पाण्याच्या बळावर तिथली सूतगिरणी चालू लागली. उंचावरच्या पाण्यात पडण्याची क्षमता साठलेली असते. पडताना तिचा वेग होतो. आणि तळाशी आपटल्यावर तो वेग नाहीसा होतो. नाहीसा होऊन जातो कुठे? ऊर्जा नष्ट होत नाही या कल्पनेवर विश्वास ठेवायचा असेल, तर पाणी तळाशी किंचित गरम व्हायला हवे. इथपर्यंत निव्वळ विचाराने पोचता येते. मुलांना हे पटत नाही, कारण धबधब्याखाली उभे राहिल्यावर गारच वाटते. किती गरम, हा प्रश्न आता आपोआप उभा राहतो, आणि त्याचे उत्तर केवळ शब्दांना देता येत नाही.

हिशेब मात्र लहानसा आहे. पाण्याचे तापमान एका अंशाने वाढायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी त्या पाण्याला मिळायची तर ते जवळपास ४२७ मीटर उंचीवरून पडावे लागेल. गोकाकसारखे आठ धबधबे एकावर एक रचले, तेव्हा कुठे एक अंश. म्हणजे गोकाकच्या तळाशी पाणी फार तर एका अंशाच्या आठव्या भागाने तापते, आणि उडणाऱ्या तुषारांचे बाष्पीभवन होताना जो गारवा येतो तो ही ऊब सहज झाकून टाकतो. जेम्स जूल याने १८४० च्या दशकात वजन खाली सोडून पाण्यातली पाती फिरवली आणि त्या घुसळण्याने पाणी किती तापते ते मोजले. नायगाराच्या पाण्याविषयी त्याने केलेला अंदाजही असाच अंशाच्या लहानशा भागाचा होता. कल्पनेने दिशा सांगितली आणि गणिताने परिणाम किती लहान हे सांगून कल्पना व अनुभव यांच्यातला विरोध मिटवला. या क्रमाने आलेले गणित मुलांना ओझे वाटत नाही, कारण त्यांनीच ते मागवलेले असते.

उष्णतेविषयी आपल्याकडे शिकवण्यासारखे याहून समृद्ध ठिकाण म्हणजे गुऱ्हाळ. हंगामात मुलांना तिथे नेऊन उभे करावे आणि थर्मामीटर न देता विचारावे, की चुलाणात चिपाडाचा जाळ सतत भडकलेला असताना काहिलीतला रस तासन्‌तास उकळतच का राहतो, त्याचे तापमान भराभर का वाढत नाही. उकळणे म्हणजे द्रवाच्या आत वाफेचा बुडबुडा तयार होऊन बाहेरच्या हवेच्या दाबाला टक्कर देत टिकून राहणे. एवढी क्षमता आली, की पुढची सगळी उष्णता पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवून वाफ करण्यात खर्ची पडते आणि तापमान जागच्या जागी राहते. हा खर्च केवढा असतो हे सांगायला पुन्हा धबधब्याची मोजपट्टी घेता येते. उकळत्या एक किलो पाण्याची पूर्ण वाफ करायला लागणारी ऊर्जा म्हणजे तेच पाणी, गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे धरून, सुमारे २३० किलोमीटर वर उचलण्याची ऊर्जा. रसात बहुतांश पाणीच असते. एवढे चिपाड का जळते, याचे उत्तर इथे आहे.

पुढे रस दाटत जातो तसे त्याचे तापमान चढू लागते, कारण साखरेच्या गर्दीत पाण्याचे रेणू पृष्ठभागावरून पूर्वीइतक्या सहज सुटत नाहीत आणि बुडबुडा टिकवायला अधिक तापावे लागते. गूळ उतरवण्याची वेळ येते तेव्हा पारा ११८ अंशांच्या आसपास पोचलेला असतो. गुळव्या हे तापमान मोजत नाही. पाक पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, हे तो बोटांनी पाहतो. त्याच्याकडे परीक्षा आहे, उपपत्ती नाही. विद्यार्थ्याने त्याच्या परीक्षेला कारण जोडावे, आणि कारण जोडताना गुळव्याच्या ज्ञानाला कमी लेखू नये.

बुडबुड्याची हीच कल्पना बेळगावच्या स्वयंपाकघरातही चालते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, डोक्यावरची हवा तेवढी कमी, म्हणून बुडबुड्याला टक्कर कमी द्यावी लागते आणि पाणी इथे साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर गेले की तेच पाणी शंभर अंशांना उकळते. कुकरमध्ये आपण नेमके उलटे करतो: वाफ कोंडून दाब वाढवतो, बुडबुड्याला अडवतो आणि पाण्याला १२० अंशांच्या जवळ जायला भाग पाडतो. गुऱ्हाळ, घाट आणि कुकर हे पुस्तकात तीन निराळ्या धड्यांत विखुरलेले असतात. कल्पना त्यांना एकत्र आणते.

गणिताशिवाय खरे संशोधन होते का, अशी शंका पालक घेतात, आणि ती रास्त आहे. मायकेल फॅरेडे लोहाराचा मुलगा होता, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत शिकला आणि उच्च गणित त्याला कधीच आले नाही. १८३१ मध्ये त्याने बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते हे दाखवले, आणि चुंबकाभोवती लोखंडाचा कीस ज्या वक्र रेषांत मांडला जातो त्या रेषा अवकाशात खरोखर काहीतरी आहेत असे तो मानत राहिला. गणिती मंडळींना हे भोळे वाटत होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने मात्र त्या रेषांना समीकरणांत उतरवले, आणि त्या समीकरणांतून १८६० च्या दशकात प्रकाश हीच विद्युत-चुंबकीय लहर असल्याचे निष्पन्न झाले. त्याआधी, १८५७ मध्ये, फॅरेडेने मॅक्सवेलला पत्र लिहून विचारले होते, की गणितज्ञाला निष्कर्ष मिळाल्यावर ते आमच्यासारख्यांसाठी साध्या भाषेत तितक्याच पूर्णपणे आणि स्पष्टपणे मांडता येणार नाहीत का. मला ही विनंती आजही अर्धवटच मान्य झालेली दिसते. मॅक्सवेलवाचून फॅरेडेची कल्पना प्रकाशाच्या वेगापर्यंत पोचली नसती, हेही तितकेच खरे आहे, आणि अणूच्या आतल्या जगात तर रोजच्या अनुभवातून आलेल्या कल्पना इतक्या तोकड्या पडतात की तिथे गणितच वाट दाखवते. शाळेच्या इयत्तांमध्ये मात्र आपण त्या टोकाला पोचलेलो नसतो.

वर्गात करायचे ते साधे आहे आणि त्याला वेळ लागतो. प्रश्न विचारावा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर लिहावे, मग वेगळे उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवण्याचा प्रयत्न करावा, आणि पुन्हा लिहावे. माझूर यांनी याच रीतीने आपले वर्ग बदलले. या चर्चेत मुलांना घरच्या बोलीत बोलू द्यावे, कारण नेमका शब्द शोधण्याच्या धडपडीत विचार तुटतो. पारिभाषिक शब्द नंतर, गरज भासेल तेव्हा द्यावा. अभ्यासक्रम मागे पडतो, ही तक्रार खरी आहे, आणि एका तासिकेत एकच प्रश्न झाला असे मलाही अनेकदा लिहावे लागले आहे.

चेंडूचा प्रश्न मी आठवड्याभराने त्याच वर्गात पुन्हा घेतला. या वेळी बहुतेकांनी एकच बाण काढला, खाली. पण पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. चेंडू अगदी टोकाला पोचतो तेव्हा क्षणभर त्याचा वेग शून्य असतो, मग त्या क्षणी त्वरणही शून्य का नाही, असे तिने विचारले. मी उत्तर न देता प्रश्न वर्गाकडे वळवला. बराच वेळ कुजबुज चालू होती. शेवटी मागच्या बाकावरचा तोच मुलगा उभा राहिला, ज्याने आधी वरच्या जोराचा बाण काढला होता. तो म्हणाला, "वेग शून्य आणि तो बदलायचंही थांबलं, तर चेंडू तिथंच लटकून राहील की, सर."